टेस्ला आत, ढोल बाहेर

अहो, ऐकलंत का? म्हणजे बातमी नसेल कानावर आली, पण आवाज तरी आलाच असेल. शनिवारी सकाळी सात वाजता ड्रिल! घर्रर्र... जरा थांबायचं, की परत घर्रर्र... आमचे हे दचकून उठून बसले. म्हणाले, रस्ता खणायला आले वाटतं. म्हटलं, रस्ता नव्हे, गॅरेज. आणि खणत नाहीयेत, बांधतायत. या की जरा अलीकडे. कुंपणाची ही फळी सैल आहे, इथून बोलायला बरं पडतं. छे हो, त्यांना नाही ऐकू जात. त्यांचं मला येतं, तेवढंच.

आता नाव घ्यायची मला सवय नाही, तुम्हाला माहीतच आहे. पण निळी टेस्ला म्हटलं की... बरं, इथे कारखानाच आहे टेस्लाचा, फ्रीमाँटात गल्लोगल्ली निळ्या टेस्ला. पण बारा महिने ड्राइव्हवेवर उभी आणि गॅरेजच्या दाराखालून चार्जिंगची वायर बाहेर काढलेली, अशी कुठली? हं! आलं ना लक्षात? तेच ते. चार्जर बसवला आत, भिंतीवर. इलेक्ट्रिशियन बोलावून, सिटीचं परमिट काढून, सगळं रीतसर. आणि गाडी बाहेर. का, तर आत पाय ठेवायला जागा नाही.

मी एकदा विरजण मागायला गेले होते तेव्हा दार उघडं होतं. नजर गेली, सहजच. काय नव्हतं हो तिथे! रिकाम्या सुटकेसच किती, एकात एक घालून छतापर्यंत. तिकडून येताना तेवीस-तेवीस किलो भरून आणायच्या आणि मग त्या टाकवत नाहीत. कोणाला टाकवतात म्हणा! मुलाची तीनचाकी, मुलगा आता नववीत. तंबू, पुरणयंत्र, कॉस्कोचे पेपर टॉवेल, वॉशर, ड्रायर, पाण्याचा बंब. न्यू जर्सीवाल्यांची चंगळ असते बाई, बेसमेंट असतं त्यांना. आपल्याकडे कॅलिफोर्नियात सगळा संसार गॅरेजमध्येच. आणि ह्या सगळ्याच्या वर, खाली, मागे, पुढे कोणाचं सामान? आपल्या मराठी मंडळाचं!

नाटकाच्या सेटची दोन दारं, एक खिडकी, वृंदावन, मखराचे खांब, सतरंज्या, ती भली मोठी कढई, आणि ढोल. 2024 मध्ये सॅन होजेला बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन झालं ना, तेव्हापासून ढोलाची काय हौस आली सगळ्यांना! वाजवायला पन्नास जण पुढे, घरी ठेवायला एक नाही. ते सगळं हिच्याकडे, ह्या टेस्लावालीकडे आलं "फक्त दोन आठवड्यांसाठी". ज्या कमिटीने ठेवलं ती कमिटी गेली. पुढची आली, तीही गेली. दर वर्षी नवा अध्यक्ष. ढोल मात्र तेच, जागा तीच.

तर काय सांगत होते... हां, सुरुवात कुठून झाली. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला. तुम्ही लवकर गेलात त्या दिवशी, फार चुकलं तुमचं. डाळ वाटून झाली, पन्हं फिरत होतं, आणि ह्या वर्षीच्या सेक्रेटरीबाई हिला म्हणाल्या, "अगं, तुझ्याकडे अजून दोन ढोल मावतील ना गं?" सगळ्यांसमोर! ही हसली. तिचं ते हसू पाहिलंयत ना, ओठ हसतात आणि भुवया जागच्या जागी? तसं हसून म्हणाली, "मावतील की. आम्ही शेल्फच बांधतोय आता, भिंतभर." तिकडे कोचावर नवरा पन्हं पीत होता, त्याला जो ठसका लागला! बिचाऱ्याला तिथेच कळलं की आपण शेल्फ बांधतोय. आमचे हे त्याच्या पाठीवर थापट्या मारत होते आणि तो डोळ्यांत पाणी आणून म्हणतोय, "हो हो, प्लॅन आहे, प्लॅन आहे."

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? कॉस्कोतून लोखंडी रॅक आणला असता, तासाभरात उभा. आमच्या ह्यांनी सांगितलंसुद्धा. पण इंजिनिअर ना तो, सॉफ्टवेअरचा! म्हणाला, विकतच्यात काय मजा, आपण बिल्ड करू. मग आठवडाभर रोज रात्री व्हिडिओ. मग स्प्रेडशीट. कुठली फळी किती इंच, कुठल्या खणात काय, प्रत्येक रंग वेगळा. आमच्या ह्यांना दाखवायला लॅपटॉप घेऊन आला होता. दिसायला छान होती हो ती स्प्रेडशीट, खोटं कशाला बोला.

आणि बायकोला भाषण! "अगं, ह्यूलेट आणि पॅकार्डनी पालो आल्टोच्या गॅरेजात कंपनी काढली, 1939 साली, 538 डॉलरवर! ॲडिसन ॲव्हेन्यूवर आजही पाटी आहे, सिलिकन व्हॅलीचं जन्मस्थान म्हणून. आणि आपल्याला चार फळ्या जमणार नाहीत?" ती भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांचं गॅरेज रिकामं होतं."

हे मला कोणी सांगितलं? अहो, माईंनी! त्याच्या आई, कराडच्या. मेमध्ये आल्यात, सहा महिन्यांसाठी. रोज सकाळी लेक एलिझाबेथला आमचा दोघींचा राउंड असतो. मी काही विचारत नाही हं. त्याच आपणहून... आता चालताना बोलायचं तरी काय माणसाने?

तर गेले दोघं होम डेपोत. स्प्रेडशीटचं प्रिंट घेऊन. आणि तिथे पहिला धक्का. ते टू बाय फोर असतं ना लाकूड, त्याला वाटलं दोन इंच बाय चार इंच. कोणालाही वाटेल. त्याने टेप लावली तर दीड बाय साडेतीन! दुसरं मोजलं, तेही दीड बाय साडेतीन. तिसरं मोजलं. मग गेला केशरी एप्रनवाल्या पोराकडे, म्हणे तुमचा माल कमी भरतोय. तो पोरगा शांतपणे म्हणाला, सर, सगळ्या दुकानांत एवढंच असतं. म्हणजे काय, की कापतात तेव्हा दोन बाय चार, मग लाकूड वाळतं, मग रंधून गुळगुळीत करतात, त्यात अर्धा अर्धा इंच जातो. नाव मात्र जुनंच. प्लायवुडचंही तेच, पाऊण इंच म्हणायचं आणि ते किंचित कमीच असतं. झालं! स्प्रेडशीटमधला प्रत्येक आकडा चुकला. माई म्हणाल्या, त्याचं तोंड एवढंसं झालं आणि ही बाजूला ट्रॉली धरून गप्प उभी. एक शब्द नाही. "तुला माहीत होतं?" त्याने विचारलं. "हो," ती म्हणाली. "मग सांगितलं का नाहीस?" तर म्हणाली, "तू विचारलंस कुठे?"

तिला कसं माहीत? अहो, हीच तर खरी बातमी आहे! मला तरी कुठे ठाऊक होतं. इतकी वर्षं शेजार, आणि मी आपली समजत होते की ती शाळेत काहीतरी... मुलांची लायब्ररी वगैरे बघते. ती सिव्हिल इंजिनिअर आहे! कराडच्या सरकारी कॉलेजातून झालेली. लग्नाआधी पुण्यात साइटवर हेल्मेट घालून उभी असायची, स्लॅब ओतताना. मग आली इकडे नवऱ्यामागून एच-फोर व्हिसावर, आणि 2015 पर्यंत एच-फोरवाल्या बायकांना नोकरी करायची मुभाच नव्हती. नंतर मिळाली, तीही ज्यांचं ग्रीन कार्डाचं काम पुढे सरकलंय त्यांना. तोवर मूल झालं, सिमेंटचा हात गेला, मग जे मिळालं ते धरलं. आपण हिला दर वर्षी मंडळात काय काम देतो? ताटं मोजायचं!

बरं, तर काय सांगत होते... तो शनिवारचा ड्रिल. नवऱ्याने ठरवलं, चुकलेले आकडे मी नवे करीन, पण बांधीन मीच. तिने एकदाच सांगितलं, "फरशी उतरती आहे, पाय सारखे कापू नकोस." अहो, गॅरेजची फरशी मुद्दामच दाराकडे उतार देऊन ओततात. गाडीचं पाणी निथळलं, काही सांडलं, तर आत न मुरता बाहेर जावं म्हणून. पण हा म्हणाला, माझ्या फोनमध्ये लेव्हलचं ॲप आहे. फोन ठेवला फळीवर, तर शून्य अंश! वा! फोनच्या पाठीवर कॅमेऱ्याचा टेंगूळ असतो आणि त्यावर फोन तिरका बसतो, हे मात्र ॲपला ठाऊक नव्हतं. इकडून फळी उतरती, तिकडून फोन वर, दोघांचं जमलं आणि पडद्यावर शून्य.

स्क्रू तर विचारूच नका. ते काळे काळे स्वस्तातले घेतले, ड्रायवॉलचे. आमचे हे कुंपणावरून बघूनच म्हणाले, अरे हे ठिसूळ असतात, वजन आलं की वाकायचंसुद्धा नाहीत, सरळ तुटतील. त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ह्यांचंही बोलणं असं की ऐकावंसं वाटत नाही, ते एक आहेच.

दुपारी चारला शेल्फ उभं राहिलं. चार खण, भिंतीला नुसतं टेकवलेलं. त्याने फोटो काढला, ग्रुपवर टाकला. तुम्ही अंगठा दिलात, पाहिलं मी. आणि मग फोटोत उठाव यावा म्हणून सगळ्यात वरच्या फळीवर काय ठेवलं? मंडळाचा ढोल. आडवा!

मी तेव्हा खिडकीशी उभी होते. धूळ पुसत होते हो. आधी नुसतं कुरर्र झालं. मग टक्... टक्... दोन स्क्रू गेले, फळीचं एक टोक खाली, आणि ढोल निघाला! धम्मकन खालच्या सुटकेसवर, तिथून फरशीवर, आणि फरशीला तर उतार. गेला की गडगडत दाराबाहेर! ड्राइव्हवेला त्याहून उतार. टेस्लाला वळसा... वळसा कसला, बंपरला चाटून रस्त्यावर. धम, धम, धम! नवरा मागे धावतोय, एका पायात चप्पल, हातात ड्रिल. माई दारात उभ्या राहून ओरडतायत, "आरं धर त्येला, धर!" समोरचे फिलिपिनो आजोबा गुलाबांना पाणी घालत होते, त्यांनी पाण्याची नळी खाली ठेवली, पुढे झाले आणि पायाने ढोल अडवला. मग दोन्ही हातांनी उचलून ह्याला दिला आणि अगदी अदबीने म्हणाले, "व्हेरी नाइस ड्रम." त्यावर हा काय बोलणार! "थँक यू" म्हणाला. चेहरा बघवत नव्हता. मी पडदा लावून घेतला. म्हणजे थोडा.

रात्री जेवताना म्हणे कोणी बोलेना. मुलगा तेवढा फुसफुसत होता, त्याने व्हिडिओ काढला होता ना. आणि मग माईंनी विषय काढला. हसू नका आता, ही गोष्ट हसण्यासारखी नाही.

माई म्हणाल्या, "आरं, ढोल पडला त्याचं काय न्हाई. पर ह्ये भिंतीला बांधलंयस का न्हाई?" हा म्हणाला, आई, वजनानेच उभं राहतं ते. तशी माई म्हणाल्या, "पाण्याच्या बंबाला दोन-दोन पट्टे आवळल्यात भिंतीला, ते मी रोज बघती. बंबाला पट्टे लागत्यात, आन् ह्येला न्हाई?"

गप्प! सगळे गप्प. खरंच आहे हो. इथे कायदाच आहे, बंब पट्ट्यांनी भिंतीला बांधायचा, एक वर, एक खाली, भूकंपात आडवा होऊ नये म्हणून. ते पट्टे आपण सगळेच बघतो, पण त्यावरून दुसरं काही डोक्यात आलंय का कधी आपल्या? आपण राहतो कुठे? फ्रीमाँटमधूनच तर जातो तो हेवर्ड फॉल्ट. 1868 साली जोरात हलला होता. 1989 चा लोमा प्रिएटा तर जुनी माणसं अजून सांगतात, 17 ऑक्टोबर, संध्याकाळचे पाच वाजून चार मिनिटं, टीव्हीवर बेसबॉलची मॅच सुरू होणार तेवढ्यात. दर ऑक्टोबरला शाळेत मुलांना टेबलाखाली बसवून सराव करून घेतात. मुलं टेबलाखाली, आणि घरी डोक्यावर सुटकेसचा ढीग!

पण माईंना हे काही माहीत नव्हतं. त्यांना कोयना माहीत होती. 11 डिसेंबर 1967, पहाटे सव्वाचारचा सुमार. माई तेव्हा आठ वर्षांच्या. त्यांच्या आईच्या स्वयंपाकघरात भिंतभर लाकडी मांडणी होती, खाली घागरी, वर पितळी डबे, अगदी वर परात आणि मोठं घंगाळ. मांडणीच्या पुढ्यात रोज त्यांचा धाकटा भाऊ झोपायचा, चुलीची ऊब म्हणून. त्या रात्री त्याला थंडी वाजली आणि तो आजीच्या गोधडीत शिरला. पहाटे जमीन हलली आणि सबंध मांडणी, भरल्या घागरींसकट, त्याच्या रिकाम्या अंथरुणावर आडवी. तिकडे कोयनानगर आडवं झालं होतं, ते नंतर कळलं. माई म्हणतात, भांड्यांचा तो आवाज अजून कानात आहे. त्यांच्या वडिलांनी नवी मांडणी केली ती भिंतीत खुंट्या ठोकून, वरून लोखंडी पट्टी मारून. आणि घंगाळ? ते पुन्हा कधी वर गेलं नाही.

मला हे लेक एलिझाबेथच्या बाकावर सांगितलं त्यांनी. सांगताना पदर नुसता बोटाला गुंडाळत होत्या.

रविवारी सकाळी काय बघते! दार उघडं, शेल्फ पूर्ण सुटं करून ठेवलेलं, आणि मध्ये ही उभी. केस वर बांधलेले, कानाला पेन्सिल. अहो, कानाला पेन्सिल! मी तिला इतकी वर्षं बघत्येय, पण ही बाई वेगळीच होती. आवाजसुद्धा वेगळा. "ते धर. तिथे नको, इथे. आता सोड." नवरा धरतोय, सोडतोय. चेहरा आधी जरा पडलेला होता, पण नंतर... काय सांगू, कौतुकाने बघत होता हो मेला! चहासुद्धा त्यानेच केला दोन वेळा.

तिने आधी माशांच्या टाकीची ती पारदर्शक नळी काढली, धुतली, पाणी भरलं. एक टोक माईंच्या हातात, दुसरं हिच्या. पाणी दोन्हीकडे एकाच उंचीला थांबतं ना, तिथे तिथे भिंतीवर खुणा. आपले गवंडी करायचे तसंच! ॲप नाही, बॅटरी नाही, काही नाही. दाराजवळची आणि आतल्या टोकाची जमीन ह्यांच्यात सव्वादोन इंचांचा फरक निघाला. नवऱ्याने स्वतः टेपने मोजला, दोनदा. मग प्रत्येक पाय वेगळ्या मापाचा कापला.

मग भिंत. इकडच्या भिंती आतून पोकळ, वरून ड्रायवॉल, खडूचा पुठ्ठा म्हणा ना. वजन पेलतात ते आतले लाकडी खांब, स्टड. सहसा सोळा-सोळा इंचांवर असतात. हिने फ्रिजवरचं लोहचुंबक आणलं आणि भिंतीवरून फिरवलं. जिथे चिकटलं तिथे आत स्क्रू, म्हणजे मागे खांब. पेन्सिलची खूण. परत सोळा इंच, परत चिकटलं. मग त्या खांबांमध्ये जाडजूड लॅग स्क्रू, पान्याने पिळून बसवायचे ते. आधी भिंतीला आडवी पट्टी, त्यावर फळ्यांचं मागचं टोक, पुढे पाय. फळीच्या पुढच्या कडेला बोटभर उंच पट्टी, वस्तू घरंगळू नये म्हणून. जड ते खाली, हलकं ते वर. बंबाच्या आसपास मोकळी जागा, तिथे काही म्हणजे काही ठेवायचं नाही. काळे स्क्रू तिने एका डब्यात भरले आणि त्यावर नवऱ्याच्या हस्ताक्षरात लिहून घेतलं, "फोटो टांगायला".

संध्याकाळी आमचे हे कुंपणावरून म्हणाले, "वा! नवरोबांनी काय मजबूत काम केलंय!" मी ह्यांना चिमटा काढेपर्यंत उशीर झाला होता. तिने काही उत्तर दिलं नाही. तिने उडी मारली आणि दोन्ही हातांनी मधल्या फळीला लोंबकळली. फळी हललीसुद्धा नाही. मग खाली उतरली, हात झटकले, आणि म्हणाली, "काका, तुम्ही बघता का लोंबकळून?" ह्यांचा चेहरा! मी आत जाऊन हसून घेतलं.

शेल्फ झालं. पण तुम्हाला वाटतं संपलं? खरी मजा तर पुढेच. काय ठेवायचं, काय टाकायचं! त्याचे केबलचे तीन खोके निघाले. कुठल्या कुठल्या मशीनच्या केबल, ती मशीन जगात उरलेली नाहीत. तो म्हणे, लागतील कधीतरी. ती म्हणाली, कुठली कशाची ते सांग, सांगितलीस ती ठेवू. अर्धा खोका उरला. मग त्याने तिच्या खोक्यांकडे बोट दाखवलं, "आणि हे?" त्यात तिचा मिनी ड्राफ्टर निघाला. कॉलेजातला, फ्लॅनेलच्या पिशवीत गुंडाळलेला, मापाच्या पट्ट्या पिवळ्या पडलेल्या. सोबत पुस्तकं. माई सांगतात, त्याने ते बघितलं, आणि काही न बोलता डोळ्यांसमोरचा, सगळ्यात चांगला खण रिकामा करून दिला. मला तर बाई हे ऐकून... असो. त्याच्यावर एवढं हसले, पण हे त्याला सुचलं, ते मात्र मानायला हवं.

आणि आता ऐका, ज्याच्यासाठी तुम्हाला हाक मारली ते. सगळ्या खणांना नावं चिकटवली, मराठीत. सुटकेस. दिवाळी. पुरणयंत्र वगैरे. तंबू. पण मंडळ असा खणच नाही! मी नीट बघितलं, दोनदा. सेक्रेटरीबाईंना तिने फोन केला, सामान घेऊन जा म्हणून. त्या आल्या धावत, सोबत खजिनदार. हसत हसतच आल्या की शेल्फ झालं, आता जागाच जागा. आणि बघतात तर काय, सेट, वृंदावन, मखर, ढोल, सगळं ड्राइव्हवेवर ओळीने मांडलेलं, आणि गॅरेजमध्ये निळी टेस्ला! चार्जिंगला लावलेली, ऐटीत. सेक्रेटरीबाईंचं हसू असं उतरत गेलं ना... आधी गालावरून, मग ओठांवरून. म्हणाल्या, "अगं पण... आपलं ठरलं होतं ना... गणपती तोंडावर आलेत, ठेवायचं कुठे?" ही काय म्हणाली असेल? आवाज न चढवता म्हणाली, "दोन आठवडे ठेवायचं ठरलं होतं. दोन आठवडे झाले." खजिनदार बुटांकडे बघायला लागले. आणि वर तिने आणखी सांगितलं, "ह्या वर्षी स्टेजचा प्लॅटफॉर्म मी बांधीन. ताटं दुसऱ्या कोणालातरी मोजू देत."

आता बरोबरच केलं तिने, मी म्हणते. कोणीतरी सांगायलाच हवं होतं. नाही का? पण ढोल काही ड्राइव्हवेवर राहू शकत नाहीत, रात्री दव पडतं, चामडं खराब होईल. सेक्रेटरीबाई रडवेल्या होऊन माझ्याकडे आल्या. आमच्या गॅरेजचं तर नावच नको, ह्यांची बागेची हत्यारं, माझे वाणाचे खोके, तिथे मुंगीला वाट नाही. मग बोलता बोलता मी म्हणाले... म्हणजे सहज हो, ओघात... की तुम्ही गेल्या वर्षीच गॅरेज साफ केलंत, एक अख्खी बाजू रिकामी आहे.

फक्त दोन आठवड्यांसाठी आहे. शनिवारी सकाळी नऊला ट्रक येईल, गाडी तेवढी रस्त्यावर काढून ठेवा.